गुणाचं पोर

आई लखमाच्या अंगणाच्या कडेला थांबली आणि तिनं वास घेतला.

"कोंबडं कापलंस?"

लखमा मांडवावर शेवटची फांदी बांधत होता. तो खाली उतरला, धोतराला हात पुसले आणि म्हणाला, "पावणे यायचे ना, बाय. मुंबईवरून."

"भात पण शिजतोय."

"मग? नुसतं कोंबडं वाढू?" तो हसला. त्याच्या मागे चुलीपाशी बसलेल्या दोन बायकाही हसल्या.

आई हसली नाही. ती घामानं भिजली होती. आम्ही उन्हाच्या आधी निघून डोंगर चढून आलो होतो, कारण पावण्यांच्या आधी तिला पाड्यावर पोचायचं होतं. पायातल्या चपला हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"लखमा," ती म्हणाली, "ते काय बघायला येतायत, ठाऊक हाय ना तुला?"

"आमाला."

"भूक बघायला येतायत."

लखमानं मान खाली घातली.

मी त्या मे महिन्यात आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आले होते. आई तेव्हा पंचायत समितीची मेंबर होती. जागा राखीव झाली आणि पक्षानं तिला उभं केलं, कारण तिला सही करता येत होती आणि ती फारसं बोलत नाही असा पक्षातल्या लोकांचा समज होता. निवडून आल्यावर तो समज खोटा ठरला. चैत्रात लखमाचा मोठा मुलगा रघ्या गेला. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात लखमाच्याच या करवळपाड्यावर आणखी पोरं गेली होती. सरकारी कागदात प्रत्येकापुढे ताप नाहीतर जुलाब असं होतं. आईनं जिल्ह्याच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, की ही पोरं भुकेनं मेली. ते वर्तमानपत्रात आलं, विधानसभेत कुणी प्रश्न विचारला आणि आमदारांची समिती नेमली गेली. समितीनं भूक मान्य केली, तर पावसाळाभर करवळपाड्यावर लहान मुलांसाठी रोज गरम जेवणाचं केंद्र चालणार होतं. नाही केली, तर नाही. सगळ्यात जवळची अंगणवाडी ओढ्यापलीकडे होती, आणि एकदा ओढा भरला की घरातलं संपलेलं धान्य आणि बंद झालेली मजुरी घेऊन पाडा अलीकडेच बसून राहत असे.

"टोप उचल," आई म्हणाली. "कोंबड्याचा आणि भाताचा. शेजारच्या भिकूच्या घरात ठेव. ते गेले की पोरांना वाढ."

"आणि पावण्यांना?"

"पाणी दे. कोरा चहा दे."

आतून लखमाची आई, सोमीआजी, बाहेर आली. तिला दिसत कमी होतं, पण ऐकू चांगलं येत होतं. "गिरजे," ती म्हणाली, "तुझ्या दारात पावणा आला तर पाण्यावर घालवतेस?"

"आजी, हे तसले पावणे नाय."

"पावणा तसला नि असला नसतो. माझा नातू गेला म्हणून लोक इतक्या लांबून येतायत. त्यांना उपाशी धाडू? काय म्हणतील, या घरात काय नाय?"

"तेच म्हणायला पायजे त्यांनी, आजी. तेच!"

म्हातारी ऐकेना. आईनं टोपावरचं झाकण उचललं आणि भाताची दोन शितं बोटांत धरली. ते रेशनचे तांदूळ नव्हते. ते लाल, जाड, घरचे होते.

"हे कुठून आणलं?"

लखमाची बायको भिकली चुलीपाशी होती. तिनं जाळ सारखा केला आणि वर न बघता सांगितलं, "बियाचं."

पेरणीला ठेवलेला भात. घराघरातून ओंजळ ओंजळ काढून कांडला होता. आई झाकण हातात धरून बराच वेळ वाफेकडे बघत राहिली. मग तिनं झाकण ठेवलं.

"बरं," ती म्हणाली. "वाढा. पण माझं एक ऐका. पयल्या पंगतीला पोरं बसतील."

"पावण्यांच्या आधी?" सोमीआजी म्हणाली.

"पावण्यांच्या समोर. पोरं कशी खातात ते बघू दे त्यांना. दुसरं काय सांगावंच लागणार नाय."

यावर म्हातारी पुटपुटली, पण लखमानं मान हलवली. एवढं तो माझ्या आईसाठी करायला तयार होता.

मी दाराच्या खांबापाशी जाऊन बसले. तिथं लखमाची धाकटी मुलगी सुकरी बसली होती, दोन-अडीच वर्षांची. बाकीची पोरं चुलीभोवती घुटमळत होती, बायका त्यांना हाकलत होत्या, ती पुन्हा येत होती. सुकरी मात्र पाय पसरून खांबाला टेकली होती. गाल चांगले गोबरे होते. मी तिच्यापुढे टाळ्या वाजवल्या, चिमणी केली, कावळा केला. ती माझ्याकडे बघत राहिली.

"किती शहाणी आहे गं," मी म्हणाले.

"हिचा काय त्रास नाय," भिकली म्हणाली. "रघ्या सारखा मागायचा. ही मागत पण नाय."

आईनं जाता जाता सुकरीच्या डोक्यावर हात ठेवला. "गुणाचं पोर," ती म्हणाली.

जीपगाड्या ओढ्याशीच राहिल्या आणि समिती चालत वर आली. पुढे अध्यक्ष धुमाळ साहेब, जाडसर, पांढऱ्या कपड्यांत, दम लागलेला तरी बोलत असलेले. मागे दोन आमदार, लिहून घेणारा एक कारकून आणि आरोग्य खात्याच्या एक तरुण डॉक्टर, फाटक मॅडम. सोमीआजीनं सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं. धुमाळ साहेब बाजेवर बसले आणि खिशातला रुमाल काढून मान पुसू लागले.

"गिरजाबाई, तुमचा डोंगर म्हणजे आमदारकीची परीक्षाच आहे. यापेक्षा निवडणूक बरी."

आमदार हसले. आईही थोडी हसली.

"मी खेड्यातलाच आहे हां," ते लखमाला म्हणाले. "बहात्तरचा दुष्काळ बघितलाय. खडी फोडलीय आईबरोबर. मला कोणी भूक शिकवायची गरज नाही. मोकळेपणानं बोल. तुझा मुलगा कसा गेला?"

लखमा मांडवाच्या मेढीला धरून उभा होता. सगळा पाडा कुडाच्या भिंतींना टेकून ऐकत होता.

"ताप आला," लखमा म्हणाला.

"लखमा," आई म्हणाली.

"आला होता ना, बाय. ताप."

"त्याला बोलू द्या, बाई. त्याच्या तोंडात शब्द घालू नका." धुमाळ साहेबांचा आवाज मऊ होता. "घरात खायला होतं ना रे?"

लखमानं चुलीकडे पाहिलं. तिथं त्याची बायको होती, आई होती, शेजारी होते, आणि टोप होते.

"हाय की," तो म्हणाला. "खायला हाय."

कारकुनानं लिहून घेतलं. आईचा चेहरा बंद झाला. घरी बाबांशी भांडण होऊन ती हरली की तिचा चेहरा असाच होत असे. पण ती मागे वळून भिकलीला म्हणाली, "पोरांना बसव."

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. पोरं बसली. कोणी हात लावेना. पावण्यांच्या आधी जेवायचं नसतं हे त्यांना नीट शिकवलेलं होतं. ती गुडघ्यांवर हात ठेवून थोरांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बघा!" धुमाळ साहेब खूश झाले. "काय वळण आहे! आमच्या नातवंडांना दाखवायला पाहिजे. अरे खा, बाळांनो, खा."

"खावा रे," लखमा म्हणाला, आणि मग ती खाऊ लागली. मी आश्रमशाळेत पोरांना अधाशीपणानं खाताना बघितलं होतं. हे वेगळं होतं. कुणाचा आवाज नव्हता. एक पोरगा हाड तोंडात धरून भात मुठीत दाबत होता, पुढच्या घासासाठी. एक आमदार डोंगराकडे बघू लागले. मला वाटलं, आता होईल. आईला जे हवं होतं ते आता होईल.

तेवढ्यात धुमाळ साहेबांचं लक्ष सुकरीकडे गेलं. ती रांगेत शेवटी बसवली होती, पत्रावळ तशीच भरलेली. ते बाजेवरून उठले, तिच्यापुढे उकिडवे बसले, कोंबड्याचा एक मऊ तुकडा काढून त्यांनी स्वतःच्या बोटांनी तिच्या ओठांना लावला.

सुकरीनं तोंड फिरवलं.

"खा की गं, माझी सोनी." त्यांनी पुन्हा तुकडा पुढे केला. तिनं पुन्हा तोंड फिरवलं. रडली नाही, हात झटकला नाही. नुसतं फिरवलं.

"हिचं पोट भरलंय!" ते सगळ्यांकडे बघून हसले. "गाल बघा गाल. गिरजाबाई, ही तुमची उपाशी का?"

अंगणभर हसू पसरलं. लखमाही हसला, सुटल्यासारखा. सोमीआजी म्हणाली, "ती लय गुणाची हाय, सायेब." भरलेल्या पत्रावळीपुढे बसून तोंड फिरवणाऱ्या पोरीबद्दल आई तरी काय सांगणार होती?

डॉक्टर फाटक मॅडम सुकरीजवळ येऊन खाली बसल्या. त्यांनी तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं दाबलं. अंगठा काढल्यावर तिथं खळगा पडलेला होता. तो भरून आला नाही.

"सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे बाळसं नाही. ही सूज आहे."

"बरं, ते नंतर बोलू, डॉक्टर."

"आणि पोट भरलंय म्हणून नाही म्हणत नाहीये ती. फार दिवस पुरेसं मिळालं नाही की मुलाची भूक मरते. आधी रडतं, मागतं. मग रडणं थांबतं. मग मागणं थांबतं. नुसतं बसून राहतं. घरच्यांना वाटतं, शांत झालं."

"नंतर, डॉक्टर. खाली गेल्यावर."

"बाई," आई डॉक्टरांना म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं, कारण आवाज तिचा वाटला नाही. तिनं अजूनही वाढायची पळी हातात धरली होती.

"बाई, पुन्हा सांगा. मागत नाय ते पोर..."

"ते सगळ्यात जास्त उपाशी असतं," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि पाय सुजतात."

"हो. तोंडही सुजतं. गुटगुटीत दिसतं."

"आणि पुढं ताप येतो."

"अंगात ताकदच नसते ना. मग कशानंही येतो."

आईनं पळी टोपात ठेवली. नीट ठेवली, दांडा बाहेर राहील अशी. मग ती तिथंच, पोरांच्या रांगेला लागून जमिनीवर बसली. मला लाज वाटली. इतक्या लोकांसमोर, साहेबांसमोर, मेंबर बाई अशी फतकल मारून बसली होती, आणि बोलायची वेळ तर आता होती.

"माझं पण लिहा," ती कारकुनाला म्हणाली.

"काय?"

"दामू. दामू गोविंद भोये. माझा मुलगा. आम्ही भिवंडीकडे वीटभट्टीवर होतो. तिथं गेला. मी ताप सांगितला होता."

मला दामू आठवत होता, म्हणजे भट्टीच्या झोपडीत माझ्या बाजूला एक ऊबदार ओझं असे एवढं आठवत होतं. तो तापानं गेला हे घरात सगळ्यांना माहीत होतं तसं मलाही माहीत होतं.

"कोणी विचारलं की मी तेच सांगितलं. लपवलं नाय, सायेब. मला तसंच वाटत होतं. आज इथं बसेपर्यंत." ती सुकरीच्या पायाकडे बघत होती. "भट्टीवरच्या बाया म्हणायच्या, गिरजे, तुझ्या पोरानं बाळसं धरलं गं. मला बरं वाटायचं."

धुमाळ साहेब उभे राहिले. त्यांच्या बोटांत अजून तो तुकडा होता. तो कुठं ठेवावा त्यांना कळत नव्हतं.

"बाई, वाईट झालं," ते म्हणाले. "पण ते किती वर्षांपूर्वीचं. समितीच्या कक्षेत येत नाही. तेव्हा आमचं सरकार पण नव्हतं."

"तेव्हा मी पण मेंबर नव्हते," आई म्हणाली.

कुणी हसलं नाही. आता लखमा बोलेल असं मला वाटत असताना भिकली बोलली. ती चुलीपासून उठलीसुद्धा नाही.

"रघ्याला ताप होता. शेवटी होता. त्याच्या आधी कण्या संपल्या. मग रानातला कडूकंद उकडून दिला. तो त्याला पचला नाय. मग तो मागायचाच थांबला." तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "मला वाटलं, समजूत आली पोराला."

"भिकले," लखमा म्हणाला.

"आणि हा भात बियाचा हाय."

"गप!" सोमीआजी ओरडली. "पावण्यांच्या पानासमोर!"

कारकून अध्यक्षांकडे बघत होता. अध्यक्ष भाताच्या टोपाकडे बघत होते. लखमा मेढ सोडून पुढे आला. तो साहेबांशी बोलला नाही, कारकुनाशी बोलला. "ती सांगते तसं लिवा," तो म्हणाला. "मी मघाशी बोललो ते खोडा. बापाला कसं सांगता येईल, सायेब, पोराला घालायला नव्हतं म्हणून?"

धुमाळ साहेब म्हणाले, "लिहा." मग आमदारांना म्हणाले, "चला. उशीर होईल."

सोमीआजी चाचपडत त्यांच्या वाटेत येऊन उभी राहिली. "जेवल्याबिगर?"

"आजी, नको आता."

"माझ्या दारातून?"

ती बाजूला होईना. शेवटी समिती जेवायला बसली. बियाचा भात त्यांच्या पानात वाढला गेला. तो कुठला, हे आता सगळ्यांना माहीत होतं. मी पाणी वाढत होते, म्हणून मी जवळून पाहिलं. धुमाळ साहेबांनी मान वर न करता सगळं खाल्लं. पानाबाहेर एक शीत सांडू दिलं नाही. जाताना त्यांनी म्हातारीला वाकून नमस्कार केला. पुढे त्यांच्याबद्दल पुष्कळ बरंवाईट ऐकलं, पण मला ते पानावर वाकलेलेच आठवतात.

डॉक्टर मॅडमनी सुकरीला आणि भिकलीला आपल्याबरोबर जीपमधून दवाखान्यात नेलं.

आम्ही दुपार कलल्यावर परत निघालो. आई पुढे, मी मागे. वाटेवर करवंदाच्या जाळ्या होत्या. एरवी ती थांबून माझ्या ओंजळीत करवंदं टाकत असे. त्या दिवशी ती चालतच राहिली. मला विचारायचं होतं आणि विचारायला नको होतं. उतार संपला तेव्हा मी विचारलं.

"भट्टीवर मी काय खायचे?"

"जे असेल ते."

"आणि दामू?"

ती थांबली. वळली नाही.

"तू रडायचीस, हिरे. भाकर दिसली की रडायचीस, नाय दिसली तरी रडायचीस. मुकादम पण म्हणायचा, ह्या पोरीचं तोंड बंद कर. मग मी तुला द्यायची. तो गप असायचा. मी म्हणायची, थोडं दामूला ठेवू. मग त्याच्यापुढे धरायची, तो तोंड फिरवायचा. मग ते पण तुला द्यायची."

यावर काय बोलायचं ते मला आजही सुचलेलं नाही. पुढे मी शिकले, नाशिकला कॉलेजात शिकवू लागले, भुकेवरही जाड जाड पुस्तकं वाचली. त्यांत डॉक्टर फाटक म्हणाल्या ते सगळं होतं, आकड्यांसकट. त्या रस्त्यावर आई जे म्हणाली ते कुठं नव्हतं.

आई या फेब्रुवारीत गेली. शोकसभेत पक्षाचे लोक बोलले. गिरजाबाईंनी भूक स्वतः भोगली होती, म्हणून त्यांना ती कळत होती, असं एक जण म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. मी पुढच्या रांगेत बसले होते. तिला ती कधी कळली, कुठल्या अंगणात, हे मला माहीत होतं. पण शोकसभेत मुलीनं उठून दुरुस्ती सुचवायची नसते.

समितीच्या अहवालात भूक हा शब्द आला नाही. 'पोषणाची गंभीर कमतरता' असा आला. तेवढ्यावर केंद्र मिळालं, एका पावसाळ्यापुरतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा भांडून पुन्हा मिळालं. पक्षानं आईला दुसऱ्यांदा तिकीट दिलं नाही. त्याचं तिला फार वाटलं नाही. ती केंद्रावर वाढायला जाऊ लागली होती, ती मेंबरकी गेल्यावरही जात राहिली.

त्या पहिल्याच पावसाळ्यात, गणपतीच्या सुट्टीत, मी तिच्याबरोबर एकदा वर पाड्यावर गेले. ओढा दोराला धरून ओलांडावा लागला. केंद्र लखमाच्या पडवीतच चालत होतं. पोरं ताटल्या आपटत होती, आणि सगळ्यात मोठा आवाज सुकरीचा होता. पाय काटकुळे दिसत होते, गाल बसले होते. ती ताटली डोक्यावर धरून ओरडत होती, "मला! मला! पयला मला!"

"दवाखान्यातून बिघडून आली पोरगी," सोमीआजी मला म्हणाली. "पयली किती गुणाची होती. आता सकाळ झाली की मागते, रात पडली की मागते. भिकलीला उसंत देत नाय."

"मागू दे, आजी," आई म्हणाली.

तिनं खिचडीचा टोप कमरेवर घेतला. सुकरीनं तिचा पदर धरला, बाकीच्यांनी ताटल्या पुढे केल्या. आई त्या सगळ्यांमधून वाट काढत पडवीच्या पार टोकाला गेली. तिथं भिंतीला टेकून एक पोरगा बसला होता, पाय पसरून, कुणाचा ते मला माहीत नव्हतं. त्याची ताटली त्याच्या बाजूला जमिनीवर होती. आई त्याच्यापुढे बसली, टोप खाली ठेवला, आणि त्याचं पाऊल हातात घेतलं.